अ‍ॅड्रेनलिन आणि थायरॉक्सिन : एक क्षणांचे, दुसरे आठवड्यांचे

यवतमाळकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बाईचा हात पऱ्हाटीच्या बुडाशी जातो आणि तेथे घोणस फुत्कारते. हात झटक्यात मागे येतो तो मज्जातंतूंमुळे. मात्र धुऱ्यावर येऊन बसल्यावरही तिची छाती धडधडत राहते, त्याचे श्रेय मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींनी सोडलेल्या अ‍ॅड्रेनलिन या संप्रेरकाला (हार्मोनला) द्यावे लागते. ते यकृतातील साठवलेली साखर रक्तात मोकळी करते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारते, पचन मंदावते आणि दोन-तीन मिनिटांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते.

गळ्यातील अवटू (थायरॉइड) ग्रंथीच्या, शरीराच्या कामाचा वेग राखणाऱ्या थायरॉक्सिन या संप्रेरकाला अशी घाई ठाऊक नाही. ते निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात. त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे ४ अणू असतात, म्हणून आयोडीनयुक्त मिठाची पुडी येथे औषधाइतकीच मोलाची ठरते. थायरॉक्सिन कमी पडले की नागपूरच्या मे महिन्यातही एखादीला पंखा नकोसा होतो, थकवा येतो, बद्धकोष्ठ होते. परंतु हे सारे इतके सावकाश घडते की घरचे त्याला आळस समजतात, आणि माझ्या मते खरा घात तेथेच होतो.

अ‍ॅड्रेनलिनला मज्जातंतू हाक मारतात, तर थायरॉक्सिनवर मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी टीएसएचद्वारे, म्हणजे अवटूला कामाला लावणाऱ्या आपल्या संप्रेरकाद्वारे, लक्ष ठेवते. थायरॉक्सिन वाढले की टीएसएच घटते. थायरॉक्सिनच्या गोळीची मात्रा बदलल्यावर डॉक्टर ६ ते ८ आठवड्यांनीच पुन्हा रक्त तपासतात, ते याच संथपणामुळे.