‘व्हेन डिंपल मेट रिशी’: बंडखोर मुलीपेक्षा आज्ञाधारक मुलगाच लक्षात राहतो

अमेरिकेत वाढलेल्या भारतीय मुलामुलींवरच्या कादंबऱ्यांचा एक साचा आता ठरून गेला आहे. आईवडील जुन्या वळणाचे, मुलगी बंडखोर आणि शेवटी दोन्ही पिढ्यांच्या डोळ्यांत पाणी. संध्या मेनन यांची २०१७ साली प्रसिद्ध झालेली ही इंग्रजी कुमार-कादंबरी मी याच धास्तीने बरेच दिवस बाजूला ठेवली होती. अकरावीत गेलेल्या भाचीने ती दोन रात्रींत संपवली आणि ‘त्या मुलासाठी तरी वाच’ असे बजावून माझ्या हाती दिली. मुखपृष्ठावर मेंदी काढलेल्या हातांत थंड कॉफीचा पेला धरून हसणारी डिंपल आहे खरी, पण वाचून झाल्यावर भाचीचेच म्हणणे पटले.

डिंपल शहा शाळा संपवून स्टॅनफर्डला जायच्या तयारीत आहे. मुलीने चष्म्याऐवजी लेन्स वापराव्यात, डोळ्यांत काजळ घालावे आणि चांगले स्थळ पदरात पाडून घ्यावे, एवढीच आईची इच्छा. त्या ‘आदर्श भारतीय नवऱ्या’साठी डिंपलने मनातल्या मनात इंग्रजी आद्याक्षरांचा एक खवचट संक्षेपही करून ठेवला आहे. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये सुट्टीत सहा आठवडे चालणाऱ्या अ‍ॅप तयार करण्याच्या शिबिराला जायची परवानगी ती मागते, तेव्हा आईवडील फारसे आढेवेढे न घेता होकार देतात. त्यामागचे कारण वाचकाला लवकरच कळते, तिला मात्र कळत नाही. एमआयटीला निघालेला रिशी पटेल त्याच शिबिराला येणार आहे आणि दोन्ही घरांनी हे लग्न मनोमन जमवून टाकले आहे. रिशीला हे सगळे ठाऊक असते आणि मान्यही असते. घराण्यातली जुनी अंगठी बरोबर घेऊन तो निघतो.

मग तो प्रसंग येतो, ज्यासाठी हे पुस्तक ओळखले जाते. विद्यापीठाच्या आवारात कॉफी पीत बसलेल्या मुलीला रिशी फोटोवरून ओळखतो, पुढे होतो आणि ‘नमस्कार, भावी पत्नी’ अशा थाटात बोलायला सुरुवात करतो. डिंपल हातातली थंड कॉफी त्याच्यावर फेकते आणि पळत सुटते. प्रसंग विनोदी आहेच, पण तो नीट बेतलेलाही आहे. आपल्याकडच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, कितीही अवघडलेपण असले तरी, आपण इथे कशासाठी बसलो आहोत हे निदान दोघांनाही माहीत असते. इथे ते एकालाच माहीत आहे, त्यामुळे त्याचा मनापासूनचा जिव्हाळा तिला एखाद्या माथेफिरूचा हल्ला वाटतो. दोघांच्या बाजू आलटून पालटून येत असल्याने आपल्याला दोघांचेही पटत राहते, आणि राग धरायचाच तर तो घरी बसून फोनची वाट पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांवर धरावा लागतो.

रिशी हे या लेखिकेचे खरे यश आहे. परंपरा मानणारा तरुण एकतर बावळट किंवा पुरुषी अहंकाराचा पुतळा दाखवायचा, ही सोय तिने नाकारली आहे. रिशीला आईवडिलांचे म्हणणे मनापासून पटते. थोरला मुलगा म्हणून आपण एका साखळीतला दुवा आहोत, यात त्याला ओझ्यापेक्षा आधार वाटतो. ‘घरच्यांनी सुचवलेले मला आवडले तर बिघडले कुठे?’ हा त्याचा सूर खोटा वाटत नाही. त्याचे आज्ञाधारकपण कुठे दुखते, हे चित्रांच्या वहीतून कळते. तो उत्तम कॉमिक्स काढतो, आदित्य नावाचा नायकही त्याने घडवला आहे, पण ही कला तो निव्वळ छंद म्हणून अभियांत्रिकीच्या पुस्तकांखाली दडपून ठेवतो.

डिंपल त्या वहीतली चित्रे त्याला न विचारता त्याच्या आवडत्या चित्रकाराकडे पाठवून देते, ती कादंबरीतली सर्वांत अर्थपूर्ण जागा आहे. हेतू चांगलाच, पण ‘तुझ्या भल्याचे मला कळते’ म्हणत परस्पर निर्णय घेण्याचा जो दोष ती आईला लावत आली, तोच तिच्या हातून घडतो. लेखिकेने इथे आणखी थोडे रेंगाळायला हवे होते.

डिंपलच्या वाट्याला इतकी सूक्ष्मता आलेली नाही. तिचे अ‍ॅप मधुमेही वडिलांना औषधे वेळेवर घेता यावीत म्हणून आहे, आणि जिला घराच्या कचाट्यातून सुटायचे आहे तिची महत्त्वाकांक्षा घरातल्या माणसाच्या काळजीतूनच आली आहे, ही कल्पना सुंदर आहे. प्रत्यक्षात मात्र अ‍ॅपचे काम पानोपानी ‘चालू’ असते आणि दिसत कधीच नाही. शिबिरातल्या अ‍ॅपच्या स्पर्धेपेक्षा तिथला नृत्याचा कार्यक्रमच जास्त लक्षात राहतो. नटणाऱ्या मुलींकडे तुच्छतेने पाहण्याची डिंपलची खोड पुस्तक जवळजवळ गुण म्हणूनच दाखवते. रागाच्या किंवा लाडाच्या भरात ती रिशीच्या बरगड्यांत गुद्दे मारते, हेही दुसऱ्या-तिसऱ्या वेळी गोड वाटेनासे होते. मुलगा मुलीला असा मारताना दाखवला असता तर आपण हसलो नसतो. श्रीमंत, उद्दाम विद्यार्थ्यांची टोळी तर थेट सिनेमातून उचलून आणल्यासारखी आहे.

मराठी वाचकाला एक गोष्ट हमखास खटकेल. शहा आणि पटेल ही आडनावे वाचून आपण गुजरातीची अपेक्षा करतो, पण संवादांत कानावर पडते ती हिंदी. परदेशातल्या वाचकासाठी सगळा भारत एकाच भाषेत बसवण्याची ही तडजोड असावी. हिंदी वाक्ये बऱ्याचदा भाषांतर न करता तशीच सोडली आहेत, हे मात्र मला आवडले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या (बे एरियातल्या) एखाद्या मराठी घरातली, आईशी इंग्रजीत भांडणारी आणि आजीचे मराठी निम्मेच कळणारी मुलगी हे पुस्तक वाचताना तिथे बरोबर थांबेल.

याच कादंबरीवरून नेटफ्लिक्सने २०२० मध्ये ‘मिसमॅच्ड’ ही मालिका आणली आणि आपल्या ठाण्याची प्राजक्ता कोळी त्यात डिंपल झाली. तिचे काम चांगले आहे, परंतु कथा जयपूरला नेल्यामुळे मूळ ताण बराच सैल पडला. अठराव्या वर्षी घरच्यांनी ठरवलेल्या लग्नाचा विचार करणारा मुलगा कॅलिफोर्नियात जितका एकटा पडतो, तितका तो राजस्थानात पडत नाही.

भाषा सोपी आहे, त्यामुळे इंग्रजी वाचनाची फारशी सवय नसलेल्या दहावी-अकरावीच्या मुलांनाही ती झेपेल. शारीरिक जवळिकीचे प्रसंग आहेत, पण ते संयमाने लिहिले आहेत. कोणत्या वयात वाचायला द्यायचे हे पालकांनी आधी स्वतः वाचून ठरवावे. रिशीच्या धाकट्या भावाची, बास्केटबॉलवेड्या आशीषची कादंबरी २०१९ मध्ये आली. भाचीने ती मागवली आहे. मला त्यापेक्षा रिशीच्या आईवडिलांची गोष्ट वाचायला आवडली असती.