आठ महिने डाएटची पाकिटं बंद, फुटाणे चालू: वापरानंतरचा अनुभव

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास माझी शुगर बॉर्डरवर निघाली, एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 6.0. डॉक्टर म्हणाले संध्याकाळचं बिस्किट-फरसाण बंद करा. मी काय केलं तर बंद नाही केलं, नुसतं बदललं. डाएट चिवडा, मिलेट क्रॅकर्स, शुगर-फ्री कुकीज, प्रोटीन बार, महिन्याला दीड-दोन हजार त्यातच जायचे. मी सोलापुरात बँकेत काउंटरला असते, साडेचार वाजले की पोटात कावळे ओरडायला लागतात आणि ड्रॉवरमध्ये जे असेल ते तोंडात जातं.

चार महिने खाल्लं ते. चव बरी होती, खोटं कशाला बोलू. पण पाकिटावर डाएट लिहिलंय म्हटल्यावर हात थांबायचाच नाही, साधा चिवडा मी मूठभर खायचे आणि डाएट चिवडा अख्खं पाकीट, आणि सातला घरी गेल्यावर परत भूक आहेच.

एकदा काउंटरला गर्दी नव्हती म्हणून मागची बारीक अक्षरं वाचली. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं द्यावी लागते, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. माझ्या मिलेट क्रॅकर्समध्ये पहिला नंबर मैदा, दुसरं पामतेल, आणि पुढच्या बाजूला ज्याचं एवढं मोठं कणीस छापलंय ती ज्वारी 14 टक्के! आम्ही सोलापूरचे, शेजारच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये जीआय (त्या-त्या गावच्या खास मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन) मिळालाय, आणि मी 14 टक्के ज्वारीला पैसे मोजतेय. शुगर-फ्री कुकीजमध्ये साखर नाही हे खरं, पण मैदा आहे, माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली पावडर आहे, आणि ती रक्तातली साखर साखरेइतकीच झपाट्यानं वाढवतं. गोडीला माल्टिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात ते. तीन-चार कुकीज एका बैठकीत खाल्ल्या की माझं पोट बिघडायचं, मी दोष कँटीनच्या ताकाला देत होते. नंतर बघितलं तर पाकिटावरच बारीक अक्षरात लिहिलेलं की त्यानं जुलाब होऊ शकतात. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या 2024 च्या आहार मार्गदर्शनातही आहे, की शुगर-फ्री म्हणजे त्यात मैदा, फॅट नाही असं समजू नका.

तर डिसेंबरपासून पाकिटं बंद. ड्रॉवरमध्ये आता स्टीलचा डबा, त्यात सालीसकट फुटाणे. भट्टीवरून ताजे आणते, पाव किलो आणले की आठवडा निघतो. 100 ग्रॅमला साधारण 20 ग्रॅम प्रोटीन आहे, माझ्या बारमध्ये 10 होतं आणि किंमत विचारू नका. पण मला फरक पडला तो चावण्यामुळे, मूठभर फुटाणे खायला दहा मिनिटं लागतात आणि दुसरी मूठ घ्यावीशी वाटत नाही. पाकीटवाल्या चिवड्यात हे कधीच झालं नाही.

शेंगदाण्यात मात्र मी सपशेल आपटले. हेल्दी म्हणून डबाभर भाजून ठेवले, गूळ सोबत, आणि येता-जाता खात राहिले. महिन्यात वजन सव्वा किलोनं वाढलं! 100 ग्रॅम दाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, घरचं आहे म्हणून ते कमी होत नाही. आता वाटीत मोजून घेते, डबा काउंटरला नेतच नाही.

कडक भाकरी ही तर आपल्याकडची, मीच विसरले होते. महिला बचत गटाकडून आणते, चांगली टिकते, वर थोडी शेंगाचटणी. क्रॅकर्सच्या बदली एकदम फिट. (चटणी थोडीच घ्या, तीही दाण्याचीच आहे.) जानेवारीत हुरडा होता तेव्हा तर काही बघायलाच नको. कुरमुरे भेळ म्हणून छान पण तासाभरात परत भूक, नुसते कुरमुरे म्हणजे फुगवलेला भातच की. मखाणे दोनदा आणले, तुपात परतले तर मस्त लागतात पण एवढे पैसे देऊन पोट काही भरत नाही, सोडून दिले. राजगिऱ्याचा लाडू दिसतो हलका पण गूळ बघा किती आहे, मी आठवड्यात एक खाते.

एप्रिलमध्ये एचबीएवनसी 5.8 आलं. वजन एकूण दोन किलो कमी, दाण्यांनी वाढवलेलं धरून. पण मी फेब्रुवारीपासून सकाळी चालायलाही लागले, त्यामुळे किती फुटाण्यामुळे आणि किती चालण्यामुळे हे मी सांगू शकत नाही. गॅस सुरुवातीला दोन आठवडे झाला, नंतर सवय झाली. ज्यांना आधीच त्रास आहे त्यांनी मूठभर नको, थोडेच खा आणि वर पाणी प्या.

नऊ वाजता टीव्हीसमोर काहीतरी कुरकुरीत पाहिजेच, ते अजून सुटलेलं नाही, कधी कधी पोरांच्या पाकिटात हात जातो. आणि आता पावसाळ्यात फुटाणे चार दिवसात सादळतायत, कोरड्या कढईत परतून घेते तरी पहिल्यासारखे होत नाहीत. डब्यात तांदळाची पुरचुंडी ठेवून बघितली, थोडा फरक आहे. कुणाकडे अजून काही युक्ती असेल तर सांगा.