सोनकीच्या पुडीतून कॉसमॉस निघाला

आईचं माहेर जावळी तालुक्यातलं. भाद्रपद आला की ती अजून म्हणते, "आमचा सडा आता सोनकीनं पिवळा झाला असेल गं." सडा म्हणजे कातळाचं पठार, सोनकी तिथलं पिवळं रानफूल. गुडघ्यांमुळे गेली चार वर्षं तिला तिकडे नेता आलेलं नाही. त्यामुळे मे महिन्यात मोबाइलवर 'कास पठारावरचं अस्सल रानफुलांचं बी' अशी जाहिरात दिसली, तेव्हा मी लगेच भुलले. सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवं अशा तीन पुड्या, ६४९ रुपये. कॅश ऑन डिलिव्हरी नव्हती. व्हॉट्सॲपवर आलेल्या नंबरावर यूपीआयनं पैसे टाकले.

पाकिटांवर फुलांचे सुरेख फोटो होते. विकणाऱ्याचं नाव, पत्ता, बी कधी धरलं, यातलं काही नव्हतं. सोबतच्या चिठ्ठीत 'भरपूर शेणखत घाला' असं लिहिलं होतं. सडा म्हणजे जांभा दगडावर जेमतेम बोटभर माती, त्यात पावसाळाभर पाझरणारं पाणी. सीतेची आसवं तिथं तग धरते ती मातीतल्या आपल्या इवल्याशा पिशव्यांत सूक्ष्म जीव पकडून. तिला शेणखत घालायला सांगणाऱ्यानं ते फूल जवळून पाहिलेलंच नसणार. हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

पहिला पाऊस झाल्यावर पेरलं. सीतेच्या आसवांच्या कुंडीत चौथ्या दिवशी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची जाड दलं वर आली. पुडीत उरलेले चार दाणे चावून पाहिले, तर जिभेवर तोच ओळखीचा झणका. मोहरी होती ती! सीतेच्या आसवांचं खरं बी धुळीसारखं असतं, दाणा म्हणून चिमटीत येतच नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, "मॅडम, तुमची माती खराब आहे. बाकीच्या पुड्यांचं बघा, मग बोलू." मी खरंच वाट बघत बसले. तेरडा आला, पण बागेतला, दुहेरी पाकळ्यांचा. 'सोनकी' मात्र जोमानं वाढली, कमरेपर्यंत आली, आणि गौरींच्या आठवड्यात तिला कळ्या धरल्या. आईला खुर्ची लावून बाल्कनीत बसवलं. तिनं एक पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि हळूच म्हणाली, "ही सोनकी नव्हे गं. सोनकीचं पान असं चिरलेलं नसतं."

तो कॉसमॉस होता, मूळचा मेक्सिकोतला. पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर नारिंगी-पिवळा पसरून देशी रानफुलांची जागा खाणारा तोच. त्याची पानं समोरासमोर जोडीनं येतात आणि बारीक चिरलेली असतात. सोनकीची पानं एकाआड एक, कडांना दाते असलेली. बी तर पहिल्याच दिवशी ओळखता आलं असतं. कॉसमॉसचं बी लांब, काळपट, सुईसारखं टोकदार, कपड्यात अडकतं. सोनकीचं अगदी बारीक, वर पांढऱ्या मऊ केसांचा झुबका, फुंकर मारली की उडणारं. बी धरायच्या आत सगळी रोपं मुळासकट उपटली. आई बघत होती, काही बोलली नाही.

बियांच्या धंद्यात फसवणाऱ्याला हेच फावतं. साडी किंवा भांडं खोटं निघालं तर त्याच दिवशी कळतं. बी खोटं आहे हे कळायला अख्खा पावसाळा जातो. माझी परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, फूल दिसलं अडीच महिन्यांनी. म्हणून पुडी आली की आधी पांढऱ्या कागदावर ओता, भिंगाखाली बघा, नाणं शेजारी ठेवून फोटो काढा आणि त्याच दिवशी जाणकाराला दाखवा. पुडीतलं थोडं बी न पेरता बाजूला ठेवा, पुरावा म्हणून. आणि 'थेट कासहून' असं कुणी म्हणालं तर तिथेच नाही म्हणा. राखीव जंगलातून परवानगीशिवाय बी काढणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे विकणारा एक तर खोटं बोलतोय, नाही तर चोरी करतोय.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरावर तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. विकणाऱ्यानं मला ब्लॉक केलंय. परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव नवं, फोटो तेच, आणि सोनकीच्या फोटोत डाव्या कोपऱ्यात तीच लाल छत्री.