नाताळच्या सुट्टीसाठी जळगावहून जर्मनीला पार्सल : एका कुरिअर सेवेचा अनुभव

माझी मुलगी जर्मनीतील माग्डेबुर्ग येथे अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. यंदा नाताळच्या सुट्टीत ती घरी आली नाही, कारण डिसेंबरातील विमानाचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे होते आणि जानेवारी सरता सरता तिच्या परीक्षा सुरू होणार होत्या. मुलगी येत नाही तर घरचा खाऊ तरी तिच्यापर्यंत पोचावा, म्हणून 5 डिसेंबर 2025 रोजी जळगावातील एका आंतरराष्ट्रीय कुरिअर काउंटरवरून मी पार्सल पाठवले. काही तक्रारी मांडायच्या असल्याने दुकानाचे नाव येथे देत नाही.

पार्सल वेळेवर पोचण्याची एवढी निकड का होती, हे ज्यांची मुले तिकडे पहिलाच हिवाळा काढत आहेत त्यांच्या लक्षात यावे. नाताळात विद्यापीठाचे वर्ग सुमारे दोन आठवडे बंद असतात, खानावळ बंद असते आणि वसतिगृहातील जर्मन मुले आपापल्या घरी जातात. दुकाने 24 तारखेला दुपारीच बंद होतात आणि 25 व 26 ला उघडतच नाहीत. यंदा 28 ला रविवार होता आणि रविवारीही तेथे दुकाने बंदच असतात, त्यामुळे मध्ये एक शनिवार तेवढा खरेदीला मिळाला. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो. अशा ओसाड मजल्यावर मुलीसह तिघी भारतीय विद्यार्थिनी उरल्या होत्या. इकडे चंपाषष्ठी होऊन गेलेली, बामणोदची वांगी बाजारात आलेली आणि दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या शेतात भरिताचा बेत ठरलेला. फोनवर हे सांगावे की सांगू नये, असा प्रश्न आम्हा नवराबायकोला पडत असे.

खोक्यात काळा मसाला, कळण्याचे पीठ, भाजीची जाड शेव, केळीचे वेफर्स, बिबडे आणि कुरडया असा ऐवज होता. तुपाची बरणी आणि पेढे काउंटरवरील मुलाने लगेच बाजूला काढले, कारण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून टपालाने दुग्धजन्य व मांसजन्य पदार्थ मागवता येत नाहीत. ही माहिती त्याने आपणहून दिली, हे त्याच्या पदरात घालायलाच हवे. मसाला आणि पीठ त्याने हवा काढून घेणाऱ्या यंत्रावर असे पक्के बांधले की, मुलीच्या सांगण्याप्रमाणे, खोके उघडेपर्यंत मसाल्याचा वाससुद्धा आला नाही.

पैशांच्या बाबतीत मात्र माझे डोळे उशिरा उघडले. दर करासहित किलोला 750 रुपये सांगितला होता आणि काट्यावर खोके 6 किलो 200 ग्रॅम भरले. बिल मात्र साडेनऊ किलोचे, म्हणजे 7,125 रुपयांचे आले. विचारल्यावर कळले की हवाई कुरिअरमध्ये खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्याला 5,000 ने भागतात, आणि हे आकारमानाचे वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर त्यावरच पैसे घेतात. आमचे खोके 45, 35 आणि 30 सेंटिमीटरचे होते. हिशेब बरोबर 9.45 किलोचा येतो. नियम सर्वत्र असाच असल्याने त्याबद्दल दुकानाला दोष देत नाही, पण तो खोके बांधण्याआधी सांगायला हवा होता. कुरडया आणि बिबडे वजनाला नगण्य असले, तरी मोडू नयेत म्हणून मोकळे ठेवावे लागतात आणि निम्मे खोके तेच अडवतात. पत्नीने उन्हाळ्यात गच्चीवर राखण करून वाळवलेल्या त्या कुरडया विमानातून नेताना बरीचशी हवाच नेली गेली आणि तिचे भाडे आम्ही भरले.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. "काका, काळजी करू नका, आठ-दहा दिवसांत पोचतं," असे सांगून त्या मुलाने सीमाशुल्काचा फॉर्म स्वतःच भरला आणि त्यात ‘खाद्यपदार्थ’ एवढा एकच शब्द लिहिला. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली भेट 45 युरोपर्यंतच्या किमतीची असेल, तर जर्मनीत तिच्यावर शुल्क लागत नाही. आमच्या वस्तूंची किंमत सुमारे 2,200 रुपये, म्हणजे त्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी होती. पण फॉर्मवर ना ‘भेट’ असा उल्लेख होता, ना वस्तुवार यादी. पार्सल तेथील सीमाशुल्क कार्यालयात अडकले. तसे पत्र मुलीला 23 डिसेंबरला संध्याकाळी मिळाले आणि कार्यालय उघडले ते सोमवारी, 29 तारखेला. मी व्हॉट्सॲपवर पाठवलेली वस्तूंची यादी आणि बिले दाखवून तिने पार्सल सोडवले, म्हणजे ज्या दिवसांसाठी ते पाठवले होते ते दिवस निघून गेले होते.

त्या दिवसांत तिघींनी विजेच्या भट्टीत काळी-जांभळी वांगी भाजून भरीत केले. साल नीट करपत नाही आणि कपाशीच्या काड्यांचा धूर तर नाहीच, अशी तक्रार मुलीने केली. तरी संपले मात्र सगळे. शेवभाजी 31 डिसेंबरला झाली.

जानेवारीत मी काउंटरवर जाऊन हे सर्व सांगितले. त्याने वाद घातला नाही, पैसेही परत केले नाहीत. आता मात्र फॉर्म भरून झाल्यावर तो गिऱ्हाईकाला वाचायला देतो, हे मी तेथे बसून पाहिले. पुढच्या वर्षीही तेथूनच पाठवीन, पण नोव्हेंबरच्या मध्यावर, प्रत्येक वस्तूचे नाव, वजन आणि किंमत स्वतः लिहून, आणि लहान खोक्यातून. मुलीने कळण्याचे पीठ दुप्पट मागितले आहे. कुरडया नकोत, हे पत्नीला अजून सांगितलेले नाही.