देवगडजवळचा कड्यावरचा होमस्टे आणि काकांचे इटलीतले गडगे

डिसेंबरात दोन रात्री राहून आलो, मी, बायको आणि आठवीतला मुलगा. देवगड ते कुणकेश्वरच्या पट्ट्यात मेन रोडपासून बरंच आत, कड्यावर चार खोल्यांचं घर आहे, गाडी वर सड्यावर म्हणजे कातळाच्या पठारावर लावायची आणि पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, खाली उतरायचं. दोघांचे रात्रीचे 2,200 घेतले नाश्ता धरून, मुलाचे वेगळे नाही घेतले. एसी नाही पण वारा इतका की लागतच नाही. जेवण काकू स्वतः करतात, बांगड्याचं तिखलं आणि दुसऱ्या दिवशी कुळथाची पिठी, भात, वर सोलकढी, मुलगा घरी पिठीला हात लावत नाही तो दोनदा मागून घेऊन जेवला. पण मी हे लिहायला बसलोय ते घरमालक काकांच्या गडग्यांसाठी, म्हणजे चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचून घातलेल्या भिंतींसाठी.

काका तीस वर्षं बोटीवर होते, इंजिन रूममध्ये. एकदा त्यांची बोट दुरुस्तीला इटलीत ला स्पेझिया बंदरात बरेच दिवस पडून होती, तेव्हा सुट्टी मिळाली की लोकल ट्रेन पकडून ते जवळच्या कोर्निलिया नावाच्या गावात जायचे. चिंक्वे तेर्रे म्हणजे पाच गावं, त्यातलं हे मधलं, आणि पाचांत एकट्या ह्याच गावाला बंदर नाही कारण गाव समुद्रापासून साधारण 100 मीटर उंच कड्यावर बसलेलं आहे. स्टेशन खाली, गाव वर, मध्ये विटांच्या पावणेचारशेच्या वर पायऱ्या. काका म्हणाले पहिल्यांदा त्या पायऱ्या चढताना त्यांना आपली पाखाडीच आठवली, घामही तसाच आणि वर पोचल्यावर वाराही तसाच.

रात्री जेवण झालं की पडवीत अल्बम काढतात. मोबाइलमधले नाहीत, धुवून आणलेले जुने फोटो, कडा पिवळ्या पडलेल्या. एका फोटोत नुसता डोंगर, समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्या पायऱ्या आणि प्रत्येक पायरीवर द्राक्षाचे वेल. काकांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "ह्यो गडगो हयलो न्हय, थयलो. चुनो नाय, सिमेंट नाय, तरी शेकडो वर्सां उभो हा." मी तो फोटो बराच वेळ धरून बसलो होतो कारण खरंच आमच्या राजापूरकडच्या वरकस म्हणजे डोंगरउताराच्या जमिनीचा वाटत होता.

मग इतिहास सांगतात आणि तोही छान सांगतात. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांची भीती म्हणून लोक उंचावर राहिले, सपाट जमीन नाही म्हणून उतारच कापून शेतं केली. 1276 मध्ये जेनोवा शहराच्या प्रजासत्ताकाने हा भाग फिएस्की घराण्याकडून घेतला आणि पुढे पाचशेहून जास्त वर्षं तो जेनोवाकडेच राहिला, 1797 ला नेपोलियनच्या काळात ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत. 1874 ला रेल्वे आली. आपल्याकडे पूर्ण कोकण रेल्वे सुरू व्हायला 1998 उजाडलं, पण पुढची गोष्ट दोन्हीकडे सारखीच, तरुण पोरं शहराकडे गेली आणि शेतं ओस पडली. द्राक्षं सुकवून त्यांची शाकेत्रा नावाची गोड वाइन करतात, पण एवढ्या उतारावर सगळं हाताने करायला माणूस लागतो, आता काही ठिकाणी एका रुळावर चालणारी छोटी गाडी टोपल्या वर आणते. 1997 ला युनेस्कोच्या यादीत नाव आलं, 1999 ला नॅशनल पार्क झालं.

आणि 25 ऑक्टोबर 2011 चा पाऊस. काकांनी हे सांगताना आवाज खाली केला. मोंतेरोस्सो आणि व्हेर्नात्सा ह्या शेजारच्या दोन गावांत डोंगरावरून चिखल आणि दगड रस्त्यात उतरले, घरांचे खालचे मजले भरले, माणसं गेली. पाऊस भयंकर होता हे आहेच, पण ज्या शेतांकडे कोणी बघत नव्हतं तिथले गडगे ढासळत गेले की माती धरायला काही उरत नाही. मला हे ऐकवत नव्हतं कारण आमच्या बागेतला जुना गडगा पडला तेव्हा आम्ही एका कंत्राटदाराकडून सिमेंटची भिंत घालून घेतली, त्याने पाणी जायला भोकं ठेवली नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही, दुसऱ्याच पावसात भिंतीने पोट काढलं आणि सात कलमं घेऊन खाली गेली. वडिलांनी लावलेली कलमं होती.

सकाळी काकांना विचारलं तर ते सरळ मागच्या बागेत घेऊन गेले. तिथे अर्धवट रचलेला गडगा होता. खाली सगळ्यात मोठे जांभ्या दगड, पाया किंचित डोंगराकडे कललेला, प्रत्येक दगड खालच्या दोन दगडांवर बसवायचा, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही आणि पाठीमागे बारीक चिपा ठासून भरायच्या म्हणजे पाणी त्यातून झिरपून बाहेर येतं, माती आत राहते. "पाण्याक वाट गावली काय गडगो ऱ्हवता, नाय गावली तर पाणी गडग्याक घेवन जाता," एवढंच बोलले आणि मुलाच्या हातात दगड दिला. त्याने चार वेळा फिरवून बसवला, हलवून बघितला, डुगडुगला, परत काढला, पाचव्यांदा बसला. 2018 ला बिनचुन्याची दगडी रचाई युनेस्कोच्या परंपरांच्या यादीत आली, इटली धरून आठ देशांची. आपल्याकडे ही कला येणारे गडी प्रत्येक वाडीत होते, आता आमच्या वाडीत एक पण नाही.

अजून एक, काकू मांदेली तिथल्यासारखी खारवतात. मोंतेरोस्सोची खारवलेली छोटी मासळी प्रसिद्ध आहे, एक थर मीठ एक थर मासे आणि वर दगडाचं वजन. काकूंची बरणी उघडली की वास जोरदार येतो पण गरम भाकरीबरोबर एक तुकडा घ्या, मी दोन घेतले.

उणं काय तर रेंज फक्त सड्यावर मिळते, गरम पाणी चुलीवरचं असल्याने सकाळी थांबावं लागतं, आणि पाखाडी गुडघेदुखीवाल्यांना जमणार नाही, आईला मी नेणार नाही. गूगल मॅप शेवटच्या वळणावर चुकवतो, तिथे फोन करा, काका टॉर्च घेऊन वर येतात. एप्रिल-मेमध्ये आंब्याची गडबड असते आणि काका पेट्या भरण्यात असतात, पावसाळ्यात बंद. गडग्याचं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालतं तेव्हा जा, आणि बुकिंग करतानाच सांगा की रचायला शिकायचंय, म्हणजे काका दगड काढून ठेवतात. आम्ही फेब्रुवारीत परत जातोय, ह्यावेळी राजापूरहून भावालाही घेऊन.