घडीचा लॅपटॉप स्टँड: मान वाचते, पण कीबोर्ड वेगळा घ्या

घरून काम करताना दुपारपर्यंत मान अवघडत असेल, तर नव्या खुर्चीआधी स्क्रीनची उंची तपासा. ॲल्युमिनियमचा घडीचा स्टँड लॅपटॉपची स्क्रीन वर उचलायचं काम चोख करतो. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली आणि अंतर हातभर, म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर ठेवायचं. चष्मा बायफोकल असेल तर स्क्रीन आणखी खाली घ्या, नाहीतर मान मागे टाकून वाचावं लागतं.

खरी गोम पुढेच आहे. स्टँडवरच्या लॅपटॉपवर थेट टाइप केलं की खांदे उचलले जातात, मनगटं वाकतात आणि स्टँड डुलत राहतो. म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माउस धरूनच खर्च मोजा. कोपर साधारण ९० अंशांत राहायला हवं.

दोन बिजागऱ्यांचं मॉडेल जास्त उंच जातं, पण सांधे सैल पडले की जड लॅपटॉप हळूहळू खाली येतो. सोबत ॲलन की (स्क्रू आवळायची छोटी षटकोनी किल्ली) आली असेल तर फेकू नका. स्क्रू पाव फेरा आवळला की भागतं. जास्त आवळलात तर उंची बदलताना दोन्ही हातांनी झटापट! स्टँडवरच्या रबराच्या पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या असतात, उष्णतेने सरकतात. त्या लॅपटॉपच्या हवेच्या जाळीवर येत नाहीत ना, हे घेतानाच बघा.