हरिपूरच्या पेवाचा फोटो आणि माझे दोन लाख वीस हजार

परदेशात जाऊन महिलांच्या छोट्या उद्योगांना मार्गदर्शन करायचं, या कामाच्या नावाखाली माझे २,२०,५०० रुपये गेले. पाच वेळा पैसे भरले आणि पाचही वेळा स्वतःच्या हाताने पाठवले. मी सांगलीची. एका सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची चौदा बचतगटांच्या कर्जाच्या टेबलावर गेली. कागद वाचता येत होता, तरी फसले. हे सविस्तर लिहिते आहे, कारण ही फसवणूक आमच्यासारख्यांना बघूनच बेतलेली आहे: निवृत्त बँकवाले, शिक्षक, गटांच्या प्रशिक्षक, गावोगावी गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताई. गाठीला थोडी पुंजी असते, मागे बरंच काम असतं आणि अजून आपला कुणाला उपयोग व्हावा असं मनापासून वाटत असतं.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. प्रशिक्षकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात आली. ओळखीच्या बाईंनी पुढे पाठवलेली, त्यांना आणखी कुणी पाठवलेली. युगांडातल्या ग्रामीण महिला गटांच्या सामाजिक उद्योगांसाठी सहा महिने मार्गदर्शक हवेत. पगार नाही, राहणं-जेवण संस्थेचं, हातखर्चाला दरमहा भत्ता. पगार नाही हे वाचूनच माझा विश्वास बसला. नोकरीचं आमिष असतं तर मी सावध झाले असते. इथे आमिषच दिसत नव्हतं.

अर्ज केला आणि त्या देशाविषयी वाचायला लागले. तिकडच्या गावांतही बायकांचे बचतीचे गट असतात. बँक बऱ्याचदा लांब, म्हणून पैसे लोखंडी पेटीत ठेवतात. पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन वेगळ्या बायकांकडे. तिघी आल्याशिवाय पेटी उघडत नाही, आणि उघडते ती भर बैठकीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. वर्ष संपलं की वाटप. मला आपली भिशी आठवली, पंचसूत्री आठवली. आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशोबाची वही. आपण तिथे गेलो तर भाषा येणार नाही, पण वही वाचता येईल, असं मी यांना म्हटल्याचं आठवतं.

मुलाखत व्हिडिओवर झाली, चाळीस मिनिटं. एक परदेशी बाई होत्या, त्या फारसं बोलल्या नाहीत. दुसरे ‘समन्वयक’. पुण्याचा आहे म्हणाले, बोलणं स्वच्छ आणि अदबीचं. त्यांनी विचारलं, गटाने हळद शिजवायचा कुकर भाड्याने घ्यावा की विकत? गटातल्या एकीने आपला बेदाणा परस्पर अडत्याला दिला तर बाकीच्यांची समजूत कशी काढता? पुरात माल गेला तर कर्जाचं काय करता? असे प्रश्न कामातल्या माणसालाच सुचतात असं मला वाटलं. पुष्कळ दिवसांनी माझाच अर्ज परत वाचला तेव्हा उलगडा झाला. कुकर, बेदाणा, २०१९ चा पूर, सगळं मीच त्यात लिहिलं होतं. माझं लिहिलेलंच ते मला विचारत होते आणि मी खुलत गेले होते.

मग म्हणाले, निवडीआधी एक चाचणी आहे. सहा महिन्यांचा मार्गदर्शनाचा आराखडा लिहून द्या. अकरा रात्री बसून मी चौतीस पानं लिहिली. गटाची पहिली बैठक कशी घ्यायची, खर्च धरून दर कसा काढायचा, माल साठवून भाव येईपर्यंत कसं थांबायचं. त्यात मी काढलेले फोटो घातले. एक सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवाचा होता. ज्यांनी पेव पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते: जमिनीत खोल खणलेलं कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत पोट मोठं. हळद त्यात वर्षानुवर्षं राहायची. उघडलं की कुणी लगेच उतरत नाही, आधी कोंडलेली हवा जाऊ देतात. २००५ च्या पुरात बरीच पेवं कामातून गेली. फोटोत एका शाबूत पेवाच्या तोंडाशी गटातल्या दोघी वाकून आत बघताहेत, एकीच्या हातात मोबाइलचा उजेड आहे. तो फोटो पुढे परत येणार आहे.

निवडपत्र आलं आणि पैसे सुरू झाले. आधी नोंदणी आणि कागद तपासणीचे ४,५०० रुपये. मग विम्याचे १८,०००. मग व्हिसा आणि निमंत्रणपत्राचे ३२,०००. त्या वेळी मी युगांडा सरकारची व्हिसाची वेबसाइट स्वतः उघडून पाहिली असती तर तिथला साधा पर्यटक व्हिसा ५० डॉलरचा आहे हे दिसलं असतं. आणि तिथे जाऊन काम करायचं, मग ते बिनपगारी का असेना, तर पर्यटक व्हिसावर भागत नाही, बोलावणाऱ्या संस्थेने तिथल्या इमिग्रेशन खात्याकडून परवाना काढावा लागतो. आमच्या कागदांत परवान्याचा उल्लेखच नव्हता.

शंका आल्याच नाहीत असं नाही. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो, त्याचं नाव सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं आणि त्याने उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घ्यायचं नसतं, एवढं मला माहीत होतं. मी विचारलं. उत्तर आलं, “ताई, ती नोकरी. ही सेवा आहे, सेवेला परवाना कसला?” ऐकायला अगदी बरोबर वाटलं. नोकरीचा कायदा लागू नको म्हणून सेवा म्हणायचं आणि पैसे मात्र एजंटासारखे घ्यायचे, हा सगळा डाव त्या एका वाक्यात होता.

घरी यांनी वेगळंच विचारलं. “अगं, खातं संस्थेच्या नावावर का नाही?” खातं कुण्या एका माणसाच्या नावावर होतं. समन्वयक म्हणाले, परदेशी संस्था आहे, एफसीआरएची मंजुरी यायची आहे, तोवर प्रकल्प अधिकाऱ्याचं खातं वापरतो. बँकेत काम केलेल्या मला हे खटकायला हवं होतं. एफसीआरए हा परदेशातून इथे येणाऱ्या देणग्यांचा कायदा आहे. सांगलीतून पुण्याला पैसे पाठवण्याशी त्याचा काही संबंध नाही. पैसे खरंच परदेशी संस्थेला जायचे असते तर बँकेत ए-२ फॉर्म भरावा लागला असता, कारण लिहावं लागलं असतं, आणि टेबलापलीकडच्या माणसाने मला चार प्रश्न विचारले असते. ते प्रश्न कुणी विचारू नयेत म्हणूनच रुपयांत, खासगी खात्यात पैसे मागितले जात होते.

चौथी रक्कम सगळ्यात मोठी, १,२०,००० रुपये, ‘परतावा अनामत’. सहा महिने पूर्ण केले की परत मिळणार. एवढ्या रकमेला मी अडले. त्यांनी घाई केली नाही. म्हणाले, ताई, आधी यलो फीव्हरची लस घ्या, प्रवासाच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, अनामत मागाहून बघू. मी पहाटेच्या एसटीने पुण्याला गेले, रांगेत उभी राहिले, लस घेतली. पिवळं कार्ड हातात आलं. त्यावर माझं नाव, पासपोर्ट क्रमांक, शिक्का. ते कार्ड खरं होतं. ते खरं होतं म्हणून बाकीचंही मला खरं वाटलं. येताना एसटीत पर्समधून दोनदा काढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी मुदत ठेव मोडली आणि अनामत भरली.

शेवटचे ४६,००० तिकिटातल्या माझ्या वाट्याचे. मुंबई ते आदिस अबाबा, तिथून युगांडातलं एंटेबी. सहा अक्षरी पीएनआर आला. विमान कंपनीच्या वेबसाइटवर टाकला, माझं नाव दिसलं. घरात सगळ्यांना दाखवलं. पाचव्या दिवशी तोच पीएनआर टाकला तर काहीच येईना. आरक्षण आणि तिकीट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नंतर कळलं. पैसे न भरताही काही दिवस जागा धरून ठेवता येते, पीएनआर मिळतो, नावही दिसतं, आणि मुदत संपली की आपोआप रद्द होतं. पैसे भरून निघालेल्या तिकिटाला तेरा आकडी तिकीट क्रमांक असतो. तो मागा. तो नसेल तर तुमच्या हातात तिकीट नाही.

समन्वयक आधी म्हणाले तारीख पुढे गेली. मग फोन उचलेनात. मग नंबर बंद झाला.

त्यानंतर एकोणीस दिवस मी कुणाला बोलले नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो. इतकी वर्षं गटातल्या बायकांना सांगत आले, पावती घ्या, ठराव करा, एकीच्या सहीने पैसे काढू नका. त्यांच्यासमोर काय तोंडाने जाऊ, हेच डोक्यात. शेवटी मुलगा सुट्टीला आला, त्याने तिकिटाची तारीख विचारली आणि मला रडू फुटलं. त्यानेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. तोवर पाचही रकमा त्या खात्यातून पुढे निघून गेल्या होत्या. सांगलीच्या सायबर पोलीस ठाण्यातल्या अधिकाऱ्यांनी समजावून सांगितलं की पहिल्या काही तासांत फोन आला तर पैसे वाटेतल्या खात्यात अडवता येतात. मला पैशांपेक्षा ते एकोणीस दिवस जास्त लागतात. कुणी फसलं असेल तर आधी फोन करा, लाज वाटायची ती नंतर वाटू दे.

आणखी एक काम त्या आठवड्यात केलं. त्यांच्याकडे माझ्या पासपोर्ट, आधार आणि पॅनच्या प्रती होत्या. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि माझ्या नावावर कुणी कर्ज उचललं आहे का ते पाहायला क्रेडिट रिपोर्ट काढला. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. सुदैवाने काही निघालं नाही, पण मी अजूनही मधूनमधून बघते.

परदेशातलं असं काम खोटं असतं असा कुणी अर्थ काढू नये. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० पासून आहे, मुख्यालय जर्मनीत बॉन शहरात. तिथे अर्जापासून निवडीपर्यंत कुठेही शुल्क घेत नाहीत, उलट स्वयंसेवकाला राहण्याचा भत्ता आणि विमा तेच देतात. व्हीएसओ ही ब्रिटनमधली संस्था १९५८ पासून हेच काम करते आहे. काही संस्था स्वयंसेवकाकडून उघडपणे शुल्क घेतात हेही खरं, पण ते आधीच जाहीर असतं आणि संस्थेच्या नावावरच्या खात्यात जातं. ज्या गावात जायचं तिथल्या माणसांशी तुम्हाला थेट बोलता येतं. मी आठ आठवड्यांत त्या गावातल्या एकाही बाईशी बोलले नव्हते. मागितलंही नाही. युगांडाच्या राजधानीत, कंपालात, आपलं उच्चायुक्तालय आहे, तिथे अशी संस्था खरंच आहे का असा एक ईमेल टाकायला मला एक रुपया लागला नसता.

तक्रारीला दोन महिने झाले असतील. अनोळखी नंबरवरून फोन आला. कराडच्या एक निवृत्त शिक्षिका, माहेर हरिपूरचं. त्यांनाही निवडपत्र आलं होतं. सोबत संस्थेची माहितीपुस्तिका, ‘युगांडातलं आमचं काम’ म्हणून. तिसऱ्या पानावर धान्य साठवण्याच्या खड्ड्याशी वाकलेल्या दोन आफ्रिकन महिला, असं फोटोखाली लिहिलेलं. चेहरे खाली आहेत, दिसत नाहीत. पण बाईंनी पेवाच्या तोंडाचा दगड ओळखला, हातातल्या हिरव्या बांगड्या ओळखल्या. भावाला फोटो पाठवला, त्याने त्या दोघींना गाठलं, आणि फोटो कुणी काढला होता हे त्यांनी सांगितलं. माझा नंबर तिथूनच मिळाला. पुस्तिकेत पुढे माझी चौतीस पानं होती, इंग्रजीत करून घातलेली. गटाची पहिली बैठक, दर काढायचं कोष्टक, सगळं. माझ्या कामाचंच गळाला आमिष करून त्यांनी पुढच्या बाईसमोर टाकलं होतं. त्या रात्री मी जेवले नाही.

बाईंनी अनामत भरलेली नव्हती. मी कराडला गेले, त्यांना घेऊन सांगलीला आले आणि त्यांचा जबाब, पुस्तिका, नवा खाते क्रमांक असं सगळं पोलिसांकडे दिलं. या वेळी उशीर झाला नाही आणि ते खातं गोठलं. माझ्या पैशांपैकी अजून काही हाती आलेलं नाही, पण त्या खात्यात त्याच आठवड्यात प्रत्येकी १,२०,००० रुपयांचे दोन भरणे निघाले. म्हणजे दोघांनी अनामत भरलेली आहे, आणि त्यांची तक्रार तोवर कुठे आलेली नव्हती.

ते दोघे कोण, मला माहीत नाही. कदाचित अजून तारखेची वाट बघत असतील. युगांडात महिला गटांना शिकवायला जायचं म्हणून तुम्ही १,२०,००० अनामत भरली असेल, आणि पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर खड्ड्यात वाकून बघणाऱ्या दोन बायका असतील, तर आजच १९३० ला फोन करा आणि सांगलीत या प्रकरणाची तक्रार आधीच नोंद आहे असं सांगा. त्या बायका हरिपूरच्या आहेत.